समोरून कोहळं, मागून बाहुली

दान कसे करावे, हे अख्ख्या नागपुरात दोनच माणसांना नीट कळते आणि ती दोन्ही माणसे एकाच छपराखाली राहतात, असे मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे! त्यातला एक मी, ऋषिकेश, उमरेडच्या विणकर घराण्यातला. दुसरी माझी बायको सुवार्ता, सदर भागातल्या ख्रिस्ती घरातली. तिच्या घरी चर्चला देऊळच म्हणतात, आणि त्या देवळात मिळकतीचा दहावा हिस्सा नेऊन देण्याची रीत चार पिढ्यांची आहे.

लग्नानंतरची पहिली तीन वर्षे आमची भांडणे दानावरूनच झाली. आमच्या घराण्यात दान म्हणजे देवळापुढचा बाक, आणि बाकावर आजोबांचे नाव. ते इतके खोल कोरलेले की टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्यावर उलटे उमटते! यावर सुवार्ता पोट धरून हसली. पुढच्याच रविवारी मी तिच्या देवळात गेलो. तिथल्या तिसऱ्या बाकावर पितळी पट्टी होती. पट्टीवर तिचे आजोबा होते!

“दोन धर्म,” मी म्हणालो, “पण बाक एकच.”

त्या दिवसापासून आम्ही दोघेही नाव नसलेल्या दानाकडे वळलो. आमच्याकडे गुप्तदानाचे पुण्य मोठे, आणि तिच्याकडेही या हाताचे त्या हाताला कळू नये अशीच शिकवण. एवढी जुळणारी गोष्ट आमच्या पत्रिकेत दुसरी नव्हती! आम्ही नियम केले. कोणाला द्यायचे, काय द्यायचे, ते एकमेकांना सांगायचे नाही आणि विचारायचेही नाही. घेणाऱ्याला देणारा कळता कामा नये. कळलाच, तर दान बाद. दिवसही ठरवला. नाताळ पंचवीस डिसेंबरला, संक्रांत चौदा जानेवारीला. म्हणून बरोबर मधला दिवस, चार जानेवारी. तिच्या सणाला दहा दिवस उलटलेले, माझ्या सणाला दहा दिवस उरलेले. इतका निःपक्षपाती दिवस पंचांगातही सापडायचा नाही!

यंदा तो रविवारी आला.

आमच्या बोळीच्या टोकाला रंभाबाई राहतात. सत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. बोळीतला शेवटचा हातमाग त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. दुपारी सगळी बोळ झोपते तेव्हा फक्त त्याचा ठोका जागा असतो. नागपूरची थंडी त्या घरात पाहुणीसारखी येत नाही, सुनेसारखी नांदायला येते. आणि तिच्यापुढे रंभाबाईंची एकच शाल, जिच्यातून पलीकडची भिंत दिसते.

आता तुम्ही म्हणाल, हातात नेऊन द्या की एखादे पांघरूण! तसा प्रयोग आमचे शेजारी गिरिधर यांनी दोन हिवाळ्यांपूर्वी केला होता. एस.टी.तून निवृत्त झालेले हे कंडक्टर अजूनही लग्नाच्या पंगतीत माणसांना ‘पुढं सरका’ म्हणतात. त्यांनी रंभाबाईंना चारचौघांत स्वेटर दिला. रंभाबाईंनी तो घेतला, उलगडला, आणि गिरिधरांच्याच बकरीला घातला! बकरी त्या स्वेटरात संपूर्ण जानेवारी हिंडली. रंभाबाई गिरिधरांशी त्यानंतर वर्षभर बोलल्या नाहीत.

तेव्हा गुप्तदानच हवे, आणि रंभाबाईंनाच हवे, असे मी मनोमन ठरवले. सुवार्ताला अर्थातच सांगितले नाही.

आमच्या घरी संक्रांतीच्या सुमारास कोहळ्यात नाणे दडवून दान देतात. बाजारातून एक देखणे, लालबुंद कोहळे आणले (आमच्याकडे लाल भोपळ्यालाच कोहळे म्हणतात). त्याची एक डाकळ, म्हणजे झाकणासारखी फोड, कापली, आत लग्नात मिळालेला चांदीचा रुपया सरकवला आणि डाकळ परत बसवली. ती निसटू लागली, म्हणून ऑफिसातल्या टाचण्या टोचल्या. मी मिहानमधल्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपत्रके मराठीत लिहितो. अर्धवट काम मला सहन होत नाही. बारा टाचण्या लागल्या. रीतीप्रमाणे हळदकुंकू वाहिले, सोबत काळ्या तिळांची पुडी ठेवली. कोहळे असे दिसत होते, जणू एखादी सालंकृत नववधूच!

दुपारी बाराला रंभाबाई बाजाराला गेल्या. सुवार्ताही “जरा पाय मोकळे करून येते” म्हणून निघाली. जाताना तिच्या हातात भली मोठी भरलेली पिशवी होती. येताना ती रिकामी होती. मी विचारले नाही. नियम म्हणजे नियम! एक वाजता माझे पाय मोकळे करण्याची पाळी आली. रंभाबाईंच्या पुढच्या दारात, उंबरठ्याच्या बरोबर मधोमध मी कोहळे ठेवले आणि शीळ घालत घरी आलो. देण्याचा आनंद झऱ्यासारखा असतो, तो कोणी न पाहताच वाहत राहावा, असे काहीसे मनात येत होते.

चार वाजता बोळीच्या टोकाकडून किंकाळी आली.

“माय वं! मेली वं माय, मेली!”

मी आणि सुवार्ता एकाच वेळी उठलो. एकाच वेळी चपलांत पाय घातले. माझी डावी चप्पल तिच्या पायात गेली, तरी कोणी थांबले नाही!

रंभाबाई रस्त्यात उभ्या होत्या, थरथरत. बाजारातून येऊन त्या पुढच्या दाराशी पोचल्या, तर उंबरठ्यावर कुंकवाने माखलेले, टाचण्या टोचलेले कोहळे! त्यांनी पिशवी तिथेच टाकली, बाजूच्या गल्लीतून धावत मागच्या दाराशी गेल्या. तर तिथे लाल ब्लँकेटाची वळकटी, वळकटीवर काळ्या केसांची, चेहरा नसलेली पांढरी बाहुली, आणि बाहुलीपाशी अर्धवट जळालेली मेणबत्ती!

“समोरून कोहळं, मागून बाहुली!” त्या ऊर बडवत म्हणाल्या. “जाऊ कुठं मी?”

इथे मला पहिला धक्का बसला. कोहळे माझे, हे मला ठाऊक होते. पण बाहुली? मेणबत्ती आमच्या घरी असते तसलीच होती. पण मेणबत्त्या सगळ्या सारख्याच दिसतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. सुवार्ताकडे पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती एकटक कोहळ्याकडे पाहत होती!

“सरका! मागं सरका! कोनी हात लावू नका!” गिरिधर लांब काठी घेऊन आले. काठीने ढकलत ढकलत त्यांनी दोन्ही दारांतल्या वस्तू रस्त्याच्या मधोमध आणल्या, भोवती खडूने गोल काढला आणि तपासणी सुरू केली. “हे समोरचं आपल्याकडचं काम हाय. कोहळं, हळद, कुकू, काळे तीळ, बारा टाचन्या. एकदम पक्की करनी!”

माझ्या देखण्या कोहळ्याबद्दल हे उद्गार!

“पन हे मागचं,” त्यांनी बाहुलीला काठी लावली, “हे विलायती हाय. मेनबत्ती लावून करतात ते. दोन धर्माचे दोन मांत्रिक, अन् बाई एक! तीस वर्षांच्या नोकरीत म्या असं पाह्यलं नाई.”

“मंग उतारा कोनता करू गा?” रंभाबाईंनी विचारले.

“तेच तं वांधे हायत! ह्याचा उतारा कराल, त त्याले राग येते. त्याचा कराल, त ह्याले.”

सर्वधर्मसमभावाचे इतके भयानक वर्णन मी आजवर ऐकले नव्हते.

रंभाबाईंनी तिथल्या तिथे शहराबाहेरच्या वाडीला फोन लावला. त्यांची भाची दामिनी तिथे गोदामांच्या मागे भाड्याच्या एका खोलीत राहते. “सकाळी टेम्पो धाड वं,” त्या म्हणाल्या. “ह्या घरात आता राहात नाई मी.”

“आणि माग, मावशी?” मी विचारले.

“तिच्या खोलीत खाट मावत नाई, माग कुठं मावंन? भंगारवाल्याले सांगतलं.”

चाळीस वर्षांचा माग! आणि ही सगळी माझ्या कोहळ्याची करामत. मी तोंड उघडले, पण त्याच क्षणी समोरून गिरिधरांची बकरी गेली, अंगात स्वेटर! मी तोंड मिटले. खरे सांगितले, तर रंभाबाई आमच्याशी जन्मभर बोलणार नाहीत. नाही सांगितले, तर वाडीला जातील. आणि नुसते कोहळ्याचे सांगून भागणार तरी कसे? ती बिनचेहऱ्याची बाहुली होतीच ना! म्हणजे कोणीतरी खरोखरच करणी केली होती, आणि माझे भाबडे दान नेमके तिच्या समोरच्या दाराला जाऊन बसले होते!

घरी आल्यावर सुवार्ताने चहा केला. त्यात साखरेऐवजी मीठ पडले. मी तो संपवला, आणि दोघांच्याही ते लक्षात आले नाही.

“त्या कोहळ्यामागे,” मी सावधपणे म्हणालो, “एखाद्याचा हेतू चांगलाही असू शकतो.”

“बारा टाचण्या टोचणाऱ्याचा?” ती शहारली. “किती काळ्या मनाचा माणूस असेल तो! बाहुली मात्र मला तशी गोड वाटली.”

“गोड? तिला तोंड नव्हते, सुवार्ता!”

“प्रत्येकीला तोंड असलेच पाहिजे, असे आहे का?” ती एकदम तडकली.

जेवणापूर्वी ती नेहमीप्रमाणे प्रार्थनेला बसली. “आणि ज्याने ते कोहळे ठेवले,” ती डोळे मिटून म्हणाली, “त्याच्या अंधारलेल्या मनात प्रकाश पाड. त्याला क्षमा कर.”

“आमेन,” मी सवयीने म्हणालो.

सकाळी आठला बोळीच्या तोंडाशी टेम्पो येऊन उभा राहिला. गिरिधर त्याला “येऊ दे, येऊ दे” करत होते. सामान बांधायला मदत करतो, असे सांगून आम्ही दोघे रंभाबाईंच्या घरात शिरलो. करणीचा ताप अजून उतरला नसल्याने बाकी कोणी उंबरठा ओलांडायला तयार नव्हते. रंभाबाई मागापाशी बसून अर्ध्या विणलेल्या पंच्याचे ताणे एकेक करून सोडत होत्या. एकेक धागा सुटताना लाकूड किंचित कण्हत होते. ते मला ऐकवेना.

“मावशी,” मी म्हणालो, “ते कोहळे एकदा कापून तरी पाहा. आत काही चांगलेही असेल.”

त्यांचा हात थांबला. “आत? आत काय असंन गा?”

“म्हणजे... समजा, एखादा चांदीचा रुपया.”

“तुले कसं माहीत?”

माझी बोबडी वळलेली पाहून सुवार्ता मदतीला धावली. “ते राहू द्या, मावशी. पण ते ब्लँकेट तरी न्या. उबदार आहे, दोन्ही बाजूंनी पांघरता येते, आणि धुतले तरी रंग जात नाही.”

“रंग जात नाई, हे तुले कोनं सांगतलं वं?”

मी सुवार्ताकडे पाहिले. सुवार्ताने माझ्याकडे पाहिले.

“ती बाहुली तुझी?”

“ते कोहळे तुझे?”

“बिनतोंडाची!”

“बारा टाचण्या!”

“डाकळ निसटत होती!”

“ती परी आहे! नाताळच्या झाडावरची! मला डोळे काढता येत नाहीत, म्हणून मी ते कधी काढतच नाही! आणि दान अंधारात ठेवू नये, म्हणून आमच्याकडे मेणबत्ती लावतात!”

“थांबा!” रंभाबाई ओरडल्या. “म्हंजे दोघं मिळून केलं तुमी?”

“नाही, नाही!” आम्ही एका सुरात म्हणालो. “वेगवेगळे! एकमेकांना न सांगता!”

“एका घरात राहून?”

मी बाहेर गेलो आणि खडूच्या गोलातून कोहळे, ब्लँकेट, बाहुली, सगळे उचलले. गर्दी तीन पावले मागे हटली! आत आणून विळीवर कोहळे कापले. चांदीचा रुपया बाहेर आला, बियांच्या जाळ्यात गुंतलेला, ओला. मग मी सगळे सांगितले. चार जानेवारी, नियम, बाक, दोन्ही आजोबा. यंत्र कसे चालते ते मी लोकांना रोज समजावतो. पण इतके वाईट मी आजवर कधीच समजावले नसेल.

रंभाबाई ऐकत राहिल्या. त्या ओरडतील, रुपया माझ्या अंगावर फेकतील, अशी मी तयारी ठेवली होती. तसे काही झाले नाही. त्यांचा चेहरा हळूहळू विझत गेला.

“म्हंजे करनी नाईच?”

“नाही, मावशी.”

“कोनी माह्यावर जळत नाई?”

सुवार्ताने नकारार्थी मान हलवली.

“रातभर इचार केला म्या,” त्या रुपयाकडे पाहत म्हणाल्या, “माह्यापाशी असं काय हाय, का दोन-दोन मांत्रिक लावले कोनं? हे घर? हा माग? भेव तं लागलंच, खोटं काहून बोलू! पन मनात म्हनलं, रंभे, अजून लोक जळतात तुह्यावर. करनी बरोबरीच्यावर करतात, बाबू. दान खालच्याले देतात.”

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

माझ्या छातीठोकपणाचे काय झाले, ते विचारू नका. सुवार्ता त्यांच्या पायांशी बसली. “आम्ही सगळे परत नेतो, मावशी. आमच्याशी बोलू नका वाटल्यास. पण जाऊ नका. माग मोडू नका.”

रंभाबाईंनी सोडलेल्या ताण्यांकडे पाहिले. दोन सुटे धागे त्यांनी बोटांनी जुळवले, गाठ मारली आणि ओढून पाहिली. मग त्या उठल्या. रुपया पुसून पदराच्या टोकाला बांधला, ब्लँकेट खांद्यावर टाकले आणि ताठ मानेने बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

“सापडले!” सगळ्या बोळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. “दोघंही सापडले! हे नवरा-बायको जळून राहिले होते माह्या इनकामावर! ह्यानं समोरून केलं, तिनं मागून!”

गर्दीतून “अरे बापा!” असा सुस्कारा निघाला.

“पन माह्यापुढं काय टिकते त्यांचं? कबूल केलं दोघांनी. म्या दंड घेतला. चांदीचा रुपया अन् हे बिलँकेट. गिरिधर, टेम्पो वापस धाड!” मग त्यांनी मला कोपराने ढोसले. “बोल ना गा, भैताडा!”

“होय,” मी घसा साफ करत म्हणालो. “आम्ही जळत होतो.”

सुवार्ता भाजीवाल्याशीसुद्धा कधी खोटे बोलत नाही. तिने एकदा आकाशाकडे पाहिले. “फार जळत होतो,” ती म्हणाली.

“अन् ही घे तुह्यी बाहुली,” रंभाबाईंनी ती तिच्या हातात कोंबली, आणि फक्त आम्हाला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, “डोळे काढून आन तिले. येत नसंन तं शीक. आंधळी बाई मागावर कशी बसवू मी?”

टेम्पो रिकामा परत गेला. दुपारी मागाचा ठोका पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून बोळीत आमचे स्थान बदलले आहे. आमच्या समोरच्या प्रत्येक दारावर लिंबू-मिरच्या लोंबतात. दूधवाला पिशवी लांबूनच ठेवून पळतो. लोक मला पूर्वी ‘ऋषी’ म्हणत. आता ‘ऋषिकेशभाऊ’ म्हणतात, तेही खाली पाहून. परवा गिरिधर मला कोपऱ्यात घेऊन गेले. “एक खासगी इचारू का? नुसती विलायती केली, आपल्याकडची नाई, तं किती दिवसांत लागू पडते? माह्या साळ्याचं एक छोटं काम होतं.”

मी त्यांना काय सांगू! आमच्या हातून दान झाले, हे बोळीत एकालाही माहीत नाही. गुप्ततेच्या बाबतीत इतके यश आम्हाला अपेक्षित नव्हते.

काल सकाळी रंभाबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या, अंगावर ते लाल ब्लँकेट. येणाऱ्या-जाणाऱ्याला “दंडाचं हाय!” म्हणून दाखवत होत्या. आम्ही जवळून गेलो तशी त्यांनी आम्हाला बोटाने बोलावले. इकडेतिकडे कोणी नाही, हे पाहून घेतले.

“पुढल्या साली करनी कराल,” त्या म्हणाल्या, “तं गादीची करा. थंडी खालून लागून राहिली.”

घरी येईपर्यंत आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही. नियम अजून मोडीत निघालेले नाहीत ना! तरी तुम्हाला म्हणून सांगतो, मी एक गादी पाहून ठेवली आहे. हे सुवार्ताला माहीत नाही. तीही अलीकडे कापूस पिंजणाऱ्याचा पत्ता कशासाठी विचारत फिरते, ते मला खरोखरच कळत नाही!